रिले पास, सेटिंग नापास: जनरेटरच्या फॉल्टची रंगीत तालीम

[ताज्या भागाचं शब्दांकन. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून हिशोब इथे थोडा सविस्तर दिला आहे. बाकी बोलणं जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.]

मागच्या भागात आपण जनरेटरच्या संरक्षणाबद्दल, म्हणजे प्रोटेक्शन रिलेबद्दल बोललो होतो. त्यानंतर एका श्रोत्याने विचारलं, "आमच्या सेटचे रिले दरवर्षी टेस्ट होतात. रिपोर्टवर प्रत्येक ओळीत पास लिहिलेलं असतं. आता सल्लागार म्हणतोय फॉल्ट सिम्युलेट करून सेटिंग तपासा. हा खर्च कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही. माझी स्वतःची सही असलेल्या एका रिपोर्टमुळे मिळालं. तर आधी तो किस्सा सांगते आणि मग त्यामागचं विज्ञान.

माझ्या सहीचा रिपोर्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका साखर कारखान्याचा सहवीजनिर्मिती प्रकल्प. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. बगॅसवर चालणारा बॉयलर, स्टीम टर्बाइन आणि त्याला जोडलेला २० मेगावॅटचा, ११ किलोव्होल्टचा जनरेटर. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून ग्रिडला जायची. सप्टेंबरमध्ये, गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, मी तिथे जाऊन जनरेटरचा रिले टेस्ट केला. दोन दिवस काम, पंचवीसेक पानांचा रिपोर्ट, सगळीकडे पास. सही केली आणि घरी आले.

जानेवारीत, ऐन हंगामात, रात्रपाळीला ११ किलोव्होल्टच्या पॅनेलमध्ये बसबारवर फॉल्ट झाला. ग्रिडच्या बाजूचा ब्रेकर त्याच्या रिलेने अर्ध्या सेकंदाच्या आत उघडला. जनरेटरचा ब्रेकर मात्र उघडलाच नाही. पॅनेलमध्ये आर्क जळतोय, खोलीभर धूर, आणि जनरेटर त्या आर्कला वीज पुरवतोय. शेवटी शिफ्टच्या ऑपरेटरने इमर्जन्सीचं बटण दाबलं. रिलेच्या नोंदीत नंतर दिसलं की मधे जवळपास सात सेकंद गेले होते.

कुणाला इजा झाली नाही. दहा मिनिटांपूर्वी एक वायरमन त्याच पॅनेलसमोर मीटरची रीडिंग घेत होता. तो चहाला गेला होता, एवढंच नशीब. पॅनेलचे दोन कप्पे जळाले, गाळप बंद पडलं आणि उसाच्या गाड्या रस्त्यावर रांगेत उभ्या राहिल्या.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. ते ऑपरेटर काका वयाने माझ्या वडिलांएवढे. ओरडले नाहीत, काही नाही. फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचा रिले झोपला होता का?"

रिले झोपला नव्हता. त्याला जे सांगून ठेवलं होतं तेच त्याने केलं होतं. गडबड सांगण्यात होती. आणि ती गडबड माझ्या टेस्टने पकडली नव्हती.

पाठांतर आणि तालीम

आधी नेहमीची टेस्ट काय असते ते बघू. तिला सेकंडरी इंजेक्शन म्हणतात. जनरेटरमधून वाहणारा हजारो अँपिअरचा करंट रिलेला थेट देत नाहीत. मधे सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर असतो. आपल्या सेटला १५००/१ चा सीटी होता, म्हणजे बाहेर १५०० अँपिअर असले की रिलेला १ अँपिअर मिळतो. तसंच ११ किलोव्होल्टचे ११० व्होल्ट करून देणारा पीटी असतो. टेस्टच्या वेळी आपण रिलेला सीटी-पीटीपासून वेगळं करतो आणि टेस्ट किटमधून थेट १ अँपिअर, २ अँपिअर असा करंट देतो. रिले कितीला उठला, किती वेळात ट्रिप दिला हे मोजतो आणि सेटिंगच्या कागदाशी ताडून बघतो.

ही टेस्ट गरजेचीच आहे. रिलेचं हार्डवेअर ठीक आहे का, ट्रिपचा संपर्क लागतो का, मोजमाप बरोबर आहे का, हे त्यातून कळतं. पण ती विचारते एकच प्रश्न: सेटिंगमध्ये जे लिहिलंय तसं रिले वागतो का? नटाला संवाद पाठ आहेत का, एवढंच ती बघते.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. खरोखरचा फॉल्ट येईल तेव्हा हे सेटिंग पुरेल का? त्यासाठी रंगीत तालीम लागते. प्रकाश, नेपथ्य, वेशभूषा, सगळं खऱ्या प्रयोगासारखं, फक्त समोर प्रेक्षक नाहीत. जनरेटरचा फॉल्ट सिम्युलेट करणं म्हणजे ही रंगीत तालीम. आणि जनरेटरच्या बाबतीत ती जास्तच गरजेची, कारण जनरेटरचा फॉल्ट करंट एका जागी थांबत नाही.

फॉल्टचा करंट घसरत जातो

ग्रिड म्हणजे मोठं धरण समजा. फॉल्ट झाला की तिथून करंटचा लोंढा येतो आणि ब्रेकर उघडेपर्यंत साधारण तेवढाच राहतो. एकटा जनरेटर हा हंड्यासारखा. उपडा केला की पहिल्यांदा भसकन पाणी येतं आणि मग धार बारीक होत जाते.

आपल्या सेटचे आकडे घेऊ. २० मेगावॅट, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे २५ एमव्हीए. ११ किलोव्होल्टला फुल लोड करंट येतो सुमारे १३१२ अँपिअर. याला आपण १ पट म्हणू.

जनरेटरला आतला अडथळा असतो, त्याला रिअॅक्टन्स म्हणतात. गंमत अशी की तो वेळेनुसार वेगवेगळा वागतो. आपल्या सेटच्या डेटाशीटवर तीन आकडे होते. पहिल्या काही सायकल्सपुरता सबट्रान्झियंट, ०.१८. त्यानंतर सेकंद-दीड सेकंद ट्रान्झियंट, ०.२५. आणि फॉल्ट टिकूनच राहिला तर सिंक्रोनस, २.०. म्हणजे शेवटचा अडथळा मधल्याच्या आठपट.

आता टर्मिनलजवळ तिन्ही फेजचा फॉल्ट झाला असं धरा. मशीन भरल्या लोडवर होतं. ट्रान्झियंट टप्प्यात करंट फुल लोडच्या साधारण ४.७ पट निघतो, म्हणजे सहा हजार अँपिअरच्या वर. एक्सायटेशन तसंच स्थिर राहिलं तरी शेवटी तो १.३६ पटीवर येऊन बसतो. म्हणजे टिकलेला फॉल्ट आणि थोडासा ओव्हरलोड, करंटच्या आकड्यावरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात!

आणि आपल्या सेटला स्टॅटिक एक्सायटेशन होतं. त्याचा वीजपुरवठा जनरेटरच्या टर्मिनलवरूनच घेतलेला. टर्मिनलवर फॉल्ट झाला की तिथलं व्होल्टेज कोसळतं, व्होल्टेज कोसळलं की एक्सायटेशन उपाशी राहतं, आणि करंट १.३६ च्याही खाली घसरतो. आर्क असेल तर त्याच्यावर थोडं व्होल्टेज उरतं, त्यामुळे करंट पूर्ण मरतही नाही. फुल लोडच्या खाली रेंगाळतो. पॅनेल जाळायला तेवढा पुरतो.

यासाठीच ५१ व्ही

साधा ओव्हरकरंट रिले लोडवर ट्रिप होऊ नये म्हणून त्याचा पिकअप फुल लोडच्या वर ठेवावा लागतो. आपल्याकडे तो १.२५ पट होता. पण फॉल्टचा करंटच त्याच्या खाली गेला तर? यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे व्होल्टेज रिस्ट्रेंट ओव्हरकरंट. प्रोटेक्शनच्या भाषेत त्याचा क्रमांक ५१ व्ही.

तत्त्व सोपं आहे. नुसता लोड वाढला तर व्होल्टेज जागेवर असतं. फॉल्ट असेल तर व्होल्टेज पडतं. म्हणून रिले करंटबरोबर व्होल्टेजही बघतो. व्होल्टेज पूर्ण असेल तर पिकअप पूर्ण, म्हणजे १.२५. व्होल्टेज निम्मं झालं तर पिकअपही निम्मा. २५ टक्के किंवा त्याखाली गेलं तर पिकअप पाव, म्हणजे फक्त ०.३१ पट. आता घसरलेला करंटही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

जनरेटरच्या आत फॉल्ट झाला तर डिफरन्शियल रिले क्षणात ट्रिप देतो. पण हा फॉल्ट बसबारवर, त्याच्या हद्दीबाहेर होता. या पॅनेलला वेगळं बसबार प्रोटेक्शन नव्हतं. म्हणजे ५१ व्ही हाच शेवटचा राखणदार.

सेटिंगच्या कागदावर ५१ व्ही लिहिलेलं होतं. पिकअप १.२५, वक्र आयईसीचा स्टँडर्ड इन्व्हर्स, टाइम मल्टिप्लायर ०.३. प्रत्यक्ष रिलेच्या फाइलमध्ये व्होल्टेज रिस्ट्रेंटचा पर्याय बंद होता. एक खूण करायची राहून गेलेली. म्हणजे नावाला ५१ व्ही, वागायला साधा ओव्हरकरंट.

पुरावा माझ्याच रिपोर्टात होता

हे मला जास्त लागलं. मी टेस्टमध्ये फक्त करंट दिला होता, व्होल्टेज दिलंच नव्हतं. पिकअपच्या दुप्पट करंटला ट्रिप आला ३.०१ सेकंदात. वक्राप्रमाणे बरोब्बर. पाचपटीला १.२८ सेकंद. तेही बरोब्बर. पास, पास.

पण जरा थांबून बघा. व्होल्टेज शून्य असताना रिस्ट्रेंट चालू असतं तर पिकअप पाव झाला असता. मग माझा दुप्पट करंट रिलेला आठपट वाटला असता आणि ट्रिप ३.०१ ऐवजी सुमारे १ सेकंदात आला असता. उत्तर जुळलं, हीच चूक असल्याची खूण होती! तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं की व्होल्टेज नाही म्हणून रिले पीटीचा फ्यूज गेलाय असं समजत असेल आणि साधा वक्र वापरत असेल. काही रिले तसं करतातही. पण मी ते तपासून बघितलं नाही. हवं ते उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

तो फॉल्ट आम्ही पुन्हा घडवला

दुरुस्ती चालू असताना आम्ही तो फॉल्ट पुन्हा घडवला. अर्थात संगणकावर. पद्धत अशी.

पहिली पायरी, मॉडेल. जनरेटरच्या डेटाशीटवरचे रिअॅक्टन्स, टाइम कॉन्स्टंट, एक्सायटेशनचा प्रकार, ट्रान्सफॉर्मर, ग्रिडची ताकद, सगळं सॉफ्टवेअरमध्ये मांडलं. अशा सॉफ्टवेअरची मुळं १९६० च्या दशकात हर्मन डॉमेल यांनी विकसित केलेल्या ईएमटीपी या प्रोग्रॅममध्ये आहेत. तो प्रत्येक सूक्ष्म क्षणाला करंट आणि व्होल्टेज किती, याचं गणित सोडवत जातो.

दुसरी पायरी, फॉल्ट. बसबारवर तिन्ही फेज जोडले आणि अर्ध्या सेकंदाने ग्रिडचा ब्रेकर उघडला. करंट आणि व्होल्टेजचे तरंग मिळाले. ते कॉमट्रेड नावाच्या साच्यात साठवले. १९९१ पासून हा साचा मानक आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा रिले किंवा टेस्ट किट तो वाचू शकतो.

तिसरी पायरी, प्लेबॅक. तीच फाइल टेस्ट किटमध्ये टाकून खऱ्या रिलेला ऐकवली. तीन करंट, तीन व्होल्टेज, सगळे एकदम, खऱ्या फॉल्टसारखे घसरत जाणारे.

निकाल? स्थिर ४.७ पट करंट दिला असता तर तोच रिले सुमारे दीड सेकंदात ट्रिप झाला असता. पण इथे करंट घसरत होता. रिले उठला, मोजायला लागला, आणि ट्रिपचा एक तृतीयांश प्रवास करेपर्यंत, सेकंदाच्या आतच, करंट पिकअपखाली गेला. रिले शांत झाला. अगदी त्या रात्रीसारखं.

मग रिस्ट्रेंट चालू केलं आणि तीच फाइल पुन्हा वाजवली. सुमारे एका सेकंदात ट्रिप. हे सगळं व्हायला एक दुपार पुरली. ऑपरेटर काकांना बोलावून स्क्रीनवर दोन्ही आलेख दाखवले. त्यांनी निरखून पाहिले आणि विचारलं, "मग हे सप्टेंबरात का नाही केलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तालमीचे चार प्रकार

प्रत्येक ठिकाणी सगळं करावं लागत नाही. खर्च आणि गरज बघून ठरवायचं.

पहिला प्रकार, टप्प्याटप्प्यांची टेस्ट. किटमध्ये फॉल्टआधीचा लोड, फॉल्ट, फॉल्टनंतरची स्थिती असे टप्पे मांडायचे. करंट आणि व्होल्टेज दोन्ही द्यायचे, कोनांसकट. आजकालच्या बहुतेक किटमध्ये ही सोय असते, फक्त आपण ती वापरत नाही. माझी चूक एवढ्यानेसुद्धा सापडली असती.

दुसरा, आत्ता सांगितलेला प्लेबॅक. रिलेमध्ये साठलेल्या खऱ्या फॉल्टच्या नोंदीही अशाच वाजवून बघता येतात.

तिसरा, बंद वर्तुळातली टेस्ट. प्लेबॅकमध्ये रिलेने ट्रिप दिला तरी तरंग तसेच चालू राहतात, कारण ती शेवटी ध्वनिमुद्रित टेपच. रिअल टाइम सिम्युलेटरमध्ये तसं नसतं. रिलेचा ट्रिप आत परत जातो, मॉडेलमधला ब्रेकर उघडतो आणि पुढची परिस्थिती त्याप्रमाणे बदलते. हे तंत्र कॅनडातल्या विनिपेगमध्ये आकाराला आलं. आपल्याकडे बंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत अशी सोय आहे. मोठे सेट किंवा गुंतागुंतीच्या योजना असतील तर हा खर्च सार्थकी लागतो.

चौथा प्रकार खऱ्या मशीनवरचा, नवीन सेट सुरू करताना करायचा. टर्मिनलवर जाड पट्ट्या लावून तिन्ही फेज शॉर्ट करतात, सेट पूर्ण वेगाने फिरवतात, आणि एक्सायटेशन हाताने अगदी हळूहळू वाढवतात. फुल लोडएवढा किंवा त्याहून कमी करंट वाहू देतात. यात सीटीची दिशा उलटी लागली असेल तर डिफरन्शियल रिलेमध्ये लगेच दिसतं. तसंच एक फेज मुद्दाम अर्थ करून, व्होल्टेज हळूहळू चढवून अर्थ फॉल्टचा रिले नेमका कधी उठतो ते बघतात. वायरिंगमधली चूक संगणकाला दिसत नाही, ती इथेच दिसते.

कशाकशाची तालीम घ्यायची

फक्त ५१ व्हीवर थांबू नका. प्रत्येक रिलेची एक खोड असते.

रिव्हर्स पॉवर. वाफ बंद झाली की जनरेटर मोटरसारखा टर्बाइन फिरवायला लागतो. स्टीम टर्बाइनला त्यासाठी फार थोडी शक्ती लागते, रेटिंगच्या तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे सेटिंग एक टक्क्याच्या घरात जातं. आता त्याच वेळी मशीन ५० टक्के रिअॅक्टिव्ह पॉवर देत असेल, तर सीटी-पीटीच्या कोनात फक्त एक अंश चूक असली तरी जवळपास ०.९ टक्के शक्तीची चूक पडते. म्हणजे सेटिंगएवढीच! ही टेस्ट पॉवर फॅक्टर १ धरून केली तर हे कधीच कळत नाही.

एक्सायटेशन जाणं. हा रिले इम्पीडन्सच्या आलेखावर वर्तुळं आखून बसलेला असतो. नेहमीच्या टेस्टमध्ये आपण वर्तुळाची कड शोधतो. तालमीत बघायचं ते वेगळं. एक्सायटेशन गेल्यावर इम्पीडन्स काही सेकंदांत सरकत आत येऊन तिथेच राहतो. ग्रिडला झोका बसला तर तो आत येतो आणि बाहेर जातो. पहिल्यात ट्रिप हवा, दुसऱ्यात नको. दोन्ही वाजवून बघा.

स्टेटर अर्थ फॉल्ट. न्यूट्रलपासून जितके टक्के अंतरावर फॉल्ट, तितके टक्के व्होल्टेज न्यूट्रलवर दिसतं. ५ टक्क्यांचं सेटिंग म्हणजे वाइंडिंगचा ९५ टक्के भाग राखला. उरलेल्या तुकड्यासाठी तिसऱ्या हार्मोनिकवर चालणारा रिले असेल, तर हे हार्मोनिक लोडप्रमाणे बदलतं हे लक्षात ठेवा. वेगवेगळ्या लोडवर खरं मोजमाप घेतल्याशिवाय ते सेटिंग म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

असंतुलित करंट. ब्रेकरचा एक पोल उघडलाच नाही तर रोटर तापायला लागतो. इथे करंटचा वर्ग गुणिले वेळ असा हिशोब असतो. मशीनची सहनशक्ती ३० असेल आणि ऋण-क्रम करंट ५० टक्के असेल, तर हातात १२० सेकंद. रिले त्याच्या आत ट्रिप देतो का ते बघायचं.

डिफरन्शियल. बाहेरच्या मोठ्या फॉल्टमध्ये एका बाजूचा सीटी संतृप्त झाला तर खोटा फरक दिसतो. तेव्हा रिलेने गप्प बसलं पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ट्रिप व्हायला हवा तिथे होतो का, हे सगळे बघतात. नको तिथे होत नाही ना, हे फार कमी जण बघतात. आम्ही रिस्ट्रेंट चालू केल्यावर लगेच फायब्रायझरच्या मोठ्या मोटरचं स्टार्टिंग आणि लांबच्या ग्रिड लाइनवरचा फॉल्ट, असे दोन प्रसंग वाजवून बघितले. दोन्हींत व्होल्टेज थोडा वेळ पडतं. रिले उठला पण त्याने वाट पाहिली, ट्रिप दिला नाही. मगच आम्ही सेटिंग कायम केलं.

आज्ञाधारक रिलेचे मोठे धडे

हे फक्त कारखान्यापुरतं नाही. ३० जुलै २०१२ ला उत्तर भारताची ग्रिड कोसळली आणि ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड. सुरुवात झाली ४०० किलोव्होल्टच्या बीना-ग्वाल्हेर लाइनपासून. लाइनवर फॉल्ट नव्हता. लोड इतका वाढला होता की डिस्टन्स रिलेच्या झोन-३ ला तो लांबचा फॉल्ट वाटला. त्याआधी, १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडातल्या ब्लॅकआउटमध्ये २६५ वीजकेंद्रांतले ५०८ जनरेटर सेट बंद पडले. तिथेही झोन-३ रिलेने लोडला फॉल्ट समजून महत्त्वाची लाइन उघडली होती. दोन्ही ठिकाणी त्या रिलेंनी सेटिंगप्रमाणेच काम केलं होतं. वर्षाची टेस्ट घेतली असती तर ते पास झाले असते.

सावधगिरीच्या चार गोष्टी

एक, मॉडेल डेटाशीटइतकंच खरं असतं. एक्सायटेशनचा प्रकार चुकीचा धरला तर करंटची घसरण चुकते आणि निष्कर्षही. शक्यतो खऱ्या फॉल्टच्या नोंदीशी ताडून बघा.

दोन, टेस्ट सुरू करण्याआधी ट्रिपच्या लिंक काढा आणि सीटीची बाजू शॉर्ट करा. सीटीमधून करंट वाहत असताना सेकंडरी उघडी राहिली तर जिवावर बेतणारं व्होल्टेज तयार होतं.

तीन, टेस्टसाठी काही फंक्शन बंद केलं असेल तर ते परत चालू केलंय का हे बघा. टेस्टआधीची आणि टेस्टनंतरची सेटिंग फाइल संगणकावर ओळीला ओळ लावून तपासा. जी खूण राहून गेली होती ती अशीच सापडते.

चार, लिंक परत लावल्यावर एकदा तरी खरा ब्रेकर उघडून बघा.

तर, त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे

दादा, सल्लागार बरोबर सांगतोय. पण लगेच मोठ्या खर्चात पडू नका. पुढच्या टेस्टच्या वेळी तीन गोष्टी मागा. बॅकअपच्या टेस्टमध्ये करंटबरोबर व्होल्टेज द्या. निदान एक बसबारचा फॉल्ट तुमच्याच सेटच्या आकड्यांवरून घसरत्या करंटने वाजवून दाखवा. आणि ट्रिप होऊ नये असे दोन प्रसंगही करून दाखवा. टेस्ट करणारा म्हणाला की याची गरज नाही, तर त्याला विचारा, शेवटच्या फॉल्टच्या वेळी पॅनेलसमोर कोण उभं होतं?

आता माझ्या रिपोर्टमध्ये पास या शब्दाच्या शेजारी आणखी एक रकाना असतो: कुठल्या फॉल्टसाठी? तो भरता येत नसेल तर मी सही करत नाही. गेल्या हंगामाआधी त्याच कारखान्यात गेले होते. काका निवृत्त झालेत, पण मी आलेय कळल्यावर मुद्दाम येऊन भेटले. पॅनेलकडे बघून म्हणाले, "जागा आहे ना आता?" मी म्हटलं, "काका, या वेळी उठवून बघितलाय."

पुढच्या भागात एक्सायटेशन जाणं या विषयावर सविस्तर बोलू. तुमच्याकडे अशा फॉल्टच्या नोंदी असतील तर जरूर कळवा. तोवर, भेटू मंडळी. सुरक्षित राहा.